वरचो मजलो, उकडता

होळीची राख गार व्हायच्या आत सासूबाई कॉटखालून आपली निळी बॅग ओढून काढायच्या. चार सुती साड्या, गुडघ्यांना लावायचं तेल, जपमाळ, चष्म्याचं घर. त्यांना कुणी जा म्हटलेलं नसायचं. रविवारी धाकटा दीर यायचा, सासूबाई कठड्याला धरून एकेक पायरी उतरायच्या आणि पाऊस लागेपर्यंत विलेपार्ल्याला त्याच्या तळमजल्यावरच्या घरी राहायच्या. खाली फाटकापाशी एखादी शेजारीण विचारायचीच, "निघालात आजी?" सासूबाई म्हणायच्या, "वरचो मजलो मां गो, उकडता." मी त्यांची बॅग धरून मागे उभी असायचे आणि मान डोलवायचे.

उकडायचं, हे काही खोटं नव्हतं. मुलुंड पूर्वेला आमची जुनी सोसायटी आहे, लिफ्ट नसलेली, आणि आमचं घर अगदी वर, गच्चीच्या खाली. सासरे गिरणीत होते. लालबागची खोली सोडून त्यांनी हे घर घेतलं, कारण वरचा मजला त्यातल्या त्यात परवडत होता आणि सासूबाईंना मोकळा वारा हवा होता. दारावर अजून त्यांच्याच नावाची पितळी पाटी आहे. दर दिवाळीला सासूबाई ती चिंचेनं घासून लख्ख करतात.

एप्रिल सुरू झाला की आमचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळपासून ते सगळं आमच्या डोक्यावर सोडतो. पंखा तीच गरम हवा फिरवून फिरवून परत देतो. भिंतीला पाठ टेकवत नाही. आमच्या बेडरूममध्ये एसी आहे, पण एसीत सासूबाईंचे गुडघे धरतात, आणि त्यांची कॉट मुळात हॉलमध्ये, खिडकीखाली. तिथून त्यांना समोरच्या बिल्डिंगीतलं सगळं दिसतं. कोणाकडे पाहुणे आले, कोणी पडदे धुतले, सगळं.

मी शाळेत शिकवते. सातवीला विज्ञान. मे महिन्यात तर शाळाही बंद, नवरा ऑफिसात, मूल शिकायला बाहेरगावी. म्हणजे सासूबाई पार्ल्याला गेल्या की दिवसभर घरात मी एकटी. आता लिहायलाच बसलेय तर लिहून टाकते, ते अडीच-तीन महिने माझ्या वर्षातले सगळ्यात सुखाचे असायचे. ओट्याशी उभी राहून आंबा खायचा, रस कोपरापर्यंत ओघळू द्यायचा. दुपारी हॉलमध्ये फरशीवर पाणी शिंपडून आडवं व्हायचं. "काय केलंस गं आज जेवायला?" नाही, "कोणाचा फोन होता?" नाही. घर भट्टीसारखं तापलेलं असायचं आणि मी घामानं निथळत अगदी मजेत पडलेली असायचे. नातेवाइकांकडे विषय निघाला की मात्र चेहरा पाडून सांगायचे, "काय करणार, आईंना इथला उकाडा सोसत नाही."

यंदा मात्र पार्ल्याची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. धाकट्या जावेचा फोन आला. अंधेरीला टॉवरमध्ये भाड्याचं घर मिळणार होतं, पण ते मिळेस्तोवर सगळं बिऱ्हाड तिच्या माहेरी. "वहिनी, यंदा आईंचं जरा तुम्हीच बघाल का?" असं तिनं विचारलं. जणू मी इतकी वर्षं दुसऱ्या कोणाच्या सासूचं बघत होते! "अगं, त्यात काय विचारायचं," मी म्हणाले आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ भांडी आपटत राहिले.

बॅग कॉटखालून निघाली नाही. सासूबाई हॉलमध्येच राहिल्या आणि उकाडा त्यांना खरंच सोसेना. पाठभर घामोळं उठलं. दुपारी डोळा लागेना. एकदा आंघोळ करून बाहेर येताना त्यांना भोवळ आली, दाराची चौकट धरून त्या कशाबशा उभ्या राहिल्या. डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांनी तपासलं, घराकडे पाहिलं, रुमालानं स्वतःची मान पुसली आणि म्हणाले, "ह्यांना थंडाव्यात ठेवा. आणि जिने आता बंद. उतरवता येईल, पण परत एवढं चढवायला मी तरी सांगणार नाही."

म्हणजे सरळ होतं. घर थंड झालं नाही तर सासूबाईंना कुठेतरी खाली न्यावं लागणार, आणि एकदा खाली गेल्या की ह्या घरात त्या परत येणार नाहीत.

पुढची गोष्ट त्याच आठवड्यातली. मी डायनिंग टेबलावर सातवीचे पेपर तपासत होते. प्रश्न नेहमीचाच, दरवर्षी येणारा. कारणे द्या : उन्हाळ्यात पांढरे कपडे वापरावेत. पोरांनी लिहिलं होतं, पांढरा रंग उष्णता परावर्तित करतो म्हणून. बरोबर. पुढचा पेपर. बरोबर. तिसऱ्यानं 'परावर्तित'ऐवजी 'परत पाठवतो' लिहिलं होतं, मी त्यालाही पूर्ण गुण दिले. माझ्या मानेवरून घाम पेपरावर टपकत होता, कॉटवर सासूबाई पुठ्ठ्यानं वारा घेत होत्या, वर काळपट स्लॅब तापत होता, आणि मी खुशाल बरोबरच्या खुणा करत चालले होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. कितव्या पेपराला माझा हात थांबला कोण जाणे. पण थांबला, आणि मी वर बघितलं.

गच्ची पांढरी करायला सोसायटीच्या सेक्रेटरींनी हरकत घेतली नाही. रविवारी उजाडता उजाडता आम्ही दोघं गच्चीवर गेलो. आदल्या दिवशी पिंपात चुना भिजवून ठेवला होता, त्यात डिंक कालवला. नवऱ्यानं लांब काठीला ब्रश बांधला, मी खराट्यानं गच्ची झाडून धुतली. आमच्या दारापासून गच्चीपर्यंतचा छोटा जिना एवढा एकच सासूबाईंना जमतो, तोही बसत बसत. त्या दारापाशी खुर्ची टाकून बसल्या आणि तिथून मुकादमी सुरू झाली. "टाकीच्या मागे राहिलं बघ. तिथे पातळ झालाय रे." ऊन वर यायच्या आत एक हात झाला, दुसऱ्या दिवशी दुसरा. आख्खी गच्ची दुधासारखी पांढरी. नवऱ्याच्या भुवयासुद्धा. सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

आणि घर खरंच थंड झालं. माथेरान नाही झालं, पण पंख्याचा वारा वाऱ्यासारखा लागायला लागला. शिवाय खिडकीला बांबूच्या काड्यांचा पडदा, चिक, लावली, दुपारी तिच्यावर पाणी मारायचं. दोन-तीन दिवसांनी दुपारी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर सासूबाई चक्क घोरत होत्या. मी कॉटवरच्या भिंतीला तळहात लावून पाहिला. भिंत थंड होती. आणि त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार काय यावा? 'अरे देवा, म्हणजे आता ह्या कायमच्या इथेच.'

हा विचार माझाच होता. दुसऱ्या कोणाच्या तोंडी तो घालता येत नाही. मी हात भिंतीवरून असा काढून घेतला जणू ती तापलेलीच होती. झोपलेल्या माणसासमोर मला लाज वाटली, आणि ती घालवायला मी आत जाऊन त्यांच्यासाठी कोकमाचं सरबत करून ठेवलं.

मग कुरडया झाल्या. आमच्या बिल्डिंगीत एप्रिलमध्ये चार-पाच घरांच्या बायका मिळून वाळवण घालतात. तीन दिवस गहू भिजवायचे, वाटून चीक काढायचा, पहाटे तो शिजवायचा आणि ऊन यायच्या आत गच्चीवर सोऱ्यानं कुरडया पाडायच्या. सासूबाई एके काळी ह्या कारभाराच्या प्रमुख होत्या. पण दरवर्षी होळीनंतर पार्ल्याला जायचं म्हटल्यावर वाळवण त्यांना कुठलं मिळणार? पावसात परत आल्या की बायका त्यांना डबा भरून तयार कुरडया आणून द्यायच्या, एवढंच. यंदा त्या होत्या. चिकात मीठ किती ते त्यांनी बोटानं चाटून सांगितलं, आणि मग हातात काठी घेऊन कावळे हाकायला जाऊन बसल्या. त्यांना मी इतकं खुशीत कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

पांढऱ्या गच्चीवर प्लॅस्टिक अंथरून त्यावर कुरडया पाडल्या, आणि आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. विज्ञानाच्या बाईंच्या तर नाहीच.

ऊन कडक होतं, पण संध्याकाळी कुरडया उलटायला गेलो तर खालून ओल्याच. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना आंबूस वास यायला लागला. आधी चिकाला दोष दिला गेला, मग गव्हाला, मग प्लॅस्टिकला. दुसऱ्या मजल्यावरची शेजारीण, जिच्या मुलीला मी सातवीत शिकवलंय, कमरेवर हात ठेवून मधोमध उभी होती. ती एकदम खाली आपल्या पायांकडे बघायला लागली.

"अगं ए, मी अनवाणी उभी आहे! भर दुपारी! चटका कुठाय?"

सगळ्याजणी वाकून जमिनीला हात लावायला लागल्या. खालून तापच नाही तर कुरडई वाळणार कशी? आधी हसू आलं सगळ्यांना. मग एवढ्या चिकाची, पहाटे उठण्याची वाट लागली हे ध्यानात आलं आणि हसू गेलं.

"बाई, तुमचं घर थंड झालं ना, आमच्या कुरडया आंबल्या," ती म्हणाली. ती काही वाईट बाई नाही, तोंडाची फटकळ आहे इतकंच. "पण मला एक सांगा. हे एवढं सोपं होतं, दोन दिवसांचं काम, तर आजींना दरवर्षी पार्ल्याला कशाला पिटाळत होता हो? तुम्ही तर सायन्स शिकवता ना?"

 एकीनं उगाच प्लॅस्टिकचं टोक सरळ केलं. माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. 

"पिटाळतंय कोण?" खुर्चीवरून सासूबाई म्हणाल्या. काठी त्यांनी जमिनीवर आपटली. "माकाच हौस थय जावची. नातवंडा आसत, देऊळ जवळ आसा. ह्येका कित्याक बोलतंस गो?"

विषय तिथे संपला. पण माझ्यापुरता तिथेच सुरू झाला, त्याचं कारण सांगायला हवं. सासूबाई एरवी आमच्यासारखंच बोलतात. मुलं शहरात शिकणार म्हणून सासऱ्यांनी घरात शाळेतली भाषा बोलायचा दंडक घातला होता, तो त्यांनी आजवर पाळला. मनातलं काही झाकायचं असलं की मात्र त्या मालवणीवर उतरतात. लग्न होऊन आले त्याच वर्षी मला हे कळलं होतं. माझी पार बिघडलेली सोलकढी "बरी झाली हा गो" म्हणत त्या दोन वाट्या प्यायल्या होत्या. नंतर नवऱ्यानं मला ही खूण सांगितली आणि आम्ही दोघं कितीदा तरी त्यावरून हसलोय.

त्या दिवशी गच्चीवर त्यांचं मालवणी ऐकलं आणि मला फाटकापाशी दरवर्षी ऐकलेलं वाक्य आठवलं. वरचो मजलो मां गो, उकडता. इतकी वर्षं बॅग धरून मी ते ऐकलं होतं, आणि खूण माहीत असून ऐकलं नव्हतं. उकाड्याचं निमित्त माझं आहे असं मी समजत होते. ते त्यांनीच मला दिलेलं होतं. मला घर मोकळं हवं असतं हे ओळखून, मला लोकांसमोर चेहरा पाडायला सोपं जावं म्हणून त्या आधीच बॅग भरायच्या.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ बूट काढत बसला. "मला वाटायचं तिला आवडतं तिकडे," तो म्हणाला. मी म्हटलं, "वाटायचं की बरं पडायचं?" त्यानं बूट उचलून जागेवर ठेवले. मीही पुढे ताणलं नाही, कारण मी कुठे त्याच्याहून निराळी होते.

पुढच्या सकाळी मी तारेचा ब्रश घेऊन गच्चीवर गेले आणि आमच्या बेडरूमवरचा तेवढा चुना खरवडायला बसले. डिंकानं तो असा धरला होता की बोटांची सालटी निघाली. नवरा वर आला.

"आपल्याच डोक्यावरचा काढतेयस?"

"आपल्याला एसी आहे. बायकांना वाळवणाला तापलेली जागा नको का?"

तो खाली जाऊन दुसरा ब्रश घेऊन आला. त्या काळ्या चौकोनावर मे महिन्याच्या सुरुवातीला दुसऱ्या कुरडया पडल्या आणि खडखडीत वाळल्या. सासूबाईंनी काठी घेऊन राखण केली. दुसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीनं पहिला डबा आम्हालाच आणून दिला आणि "बाई, त्या दिवशी जरा जास्तच बोलले" असं म्हणाली. मी "छे छे" म्हटलं. जास्त बोलली असती तर बरं वाटलं असतं, ती नेमकं तेवढंच बोलली होती.

मला वाटलं होतं, एवढं केलं की आतली टोचणी कमी होईल. फारशी झाली नाही. सासूबाई "काय केलंस गं जेवायला?" म्हणाल्या की अजून माझ्या कपाळावर आठी येते, आणि ती आली की मागोमाग लाज येते. आता दोघी बरोबर येतात, एवढाच फरक पडला.

गेल्या आठवड्यात दुपारी दिराचा फोन आला, सासूबाईंच्या मोबाइलवर. मी स्वयंपाकघरात पोह्यांचे पापड तळत होते. हॉलमध्ये खिडकीच्या चिकेवर नुकतंच पाणी मारलं होतं, वर पंखा, त्यामुळे सासूबाई पायांवर शाल घेऊन बसल्या होत्या. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर असतो, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. अंधेरीचं घर मिळालं होतं. लिफ्ट होती. दीर म्हणत होता, "आई, रविवारी येतो तुला न्यायला. दोन माणसं आणतो, खुर्चीत बसवून अलगद खाली उतरवतील."

परत वर कसं चढवायचं, ते तो बोलला नाही. सासूबाईंनीही विचारलं नाही. डॉक्टर काय म्हणाले होते ते त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. 

"ये," त्या म्हणाल्या. "हय मरणाचा उकडता रे. वरचो मजलो मां."

माझ्या हातातला झारा तेलातच राहिला. पापड करपला. मला बाहेर जाऊन फोन घ्यायला हवा होता, आणि मी घेतला नाही. ओट्याशी उभं राहून खाल्लेला आंबा आणि घरातली ती शांतता मला आठवली. खरंच आठवली. 'तिकडे लिफ्ट आहे, नातवंडं आहेत' हेही लगेच आठवलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असंच असावं. मी गॅस बंद केला तेवढ्यात दीर म्हणाला, "वहिनीला दे जरा."

मी बाहेर आले. सासूबाईंनी फोन माझ्यापुढे धरला. शाल त्यांनी पायांवरून काढून, घडी करून, उशीमागे सारली होती. आणि दुसऱ्या हातानं त्या पदराचा वारा घेत होत्या. घाम नसलेल्या, कोरड्या चेहऱ्यावर वारा घेत माझ्याकडे बघत होत्या.

"वहिनी, खरंच एवढं उकडतंय का गं?" दीर विचारत होता. "दादा तर सांगत होता, घर झकास थंड झालंय."

"थंडच आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "आई शाल घेऊन बसल्या होत्या. तू रविवारी ये, पण जेवायला ये. मुलांना घेऊन ये. आई कुठे जात नाहीत."

फोन ठेवला. सासूबाईंचा पदर हलायचा थांबला. त्यांनी उशीमागून शाल काढली, घडी मोडली, पुन्हा पायांवर घेतली आणि तिचे काठ उगाच नीट करत बसल्या. मग मान वर न करता, आमच्या रोजच्या बोलीत, अगदी हळू म्हणाल्या, "मग राहू ना गं मी?"

गच्चीवर चार बायकांसमोर वाटली नव्हती तेवढी लाज मला तेव्हा वाटली. त्यांच्या नवऱ्यानं घेतलेलं घर, दारावर त्यांनीच घासलेली पाटी, आणि विचारत होत्या मला. मला नुसतं "राहा हो आई" म्हणायचं होतं. पण ते म्हणायला सुद्धा आधी मी ह्या घराची मालकीण असायला हवी होते. मी त्यांच्या कॉटवर, पायांपाशी बसले, आणि शालीचं सुटलेलं टोक त्यांच्या पायांखाली खोचलं.